वेळ समजली नाही

तन्मेशनं फोनात एक नंबर घालून दिला.
म्हणाला, आत्ये, याला साधं लिही,
आपण बोलतो तसं,
काय आठवायचं आणि केव्हा.
वेळ झाली की तो मेसेज करील.
मी विचारलं, तो म्हणजे कोण?
कोणी नाही गे, मशीन आहे.

पहिल्या रात्री लिहिलं,
ओहोटी लागली की सांग.
लगेच उत्तर:
माफ करा, वेळ समजली नाही.
उदाहरणार्थ, उद्या सकाळी ७ वाजता.

आता याला भरती कोणी शिकवावी?
बापानं आम्हाला चुलीपुढे शिकवली होती,
तिथीची पाऊणपट कर,
तेवढ्या वाजता पाणी भरलेलं.
पुढे सहा तास मोज, खाडी उघडी.
तृतीयेला भरती सव्वादोनची, ओहोटी सव्वाआठची,
दीड तास आधी चिखलात उतरायचं,
म्हणजे पावणेसात.
त्याला पावणेसुद्धा कळेना.
६:४५ लिहिलं तेव्हा कुठे
अंगठा दाखवला मेल्यानं.

मग मी काहीबाही सांगायला लागले.
गॅसचा नंबर लाव.
साखरेची गोळी, जेवायच्या आधी.
घरपट्टी, ३१ तारखेच्या आत.
पाटीचा काठ उसवलाय, बुरुडाकडे टाक.
धाकटीच्या सासूचं नाव कुसुम नाही, कुमुद
(हे दर दिवाळीच्या आदल्या दिवशी).
सगळं ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही,
स्वतःचे गुडघे काढून बसत नाही.
साखरी नाट्यात असं माणूस
मला तरी भेटलेलं नाही.

त्यातच कधीतरी, रागात, लिहून बसले:
जुलेखाकडून सातशे रुपये.
तोंडावर माग. लाजू नको.
पोराच्या पासपोर्टला नेलेले,
पोरगा कुवेतला जाऊन वर्ष झालं.
केव्हा? म्हणून त्यानं विचारलं.
सणाच्या तोंडावर नको,
ईद उलटून पंधरवड्यानं, मी लिहिलं.
माफ करा.
मग ईद कधी ते जुलेखालाच जाऊन विचारलं.
ती म्हणाली, चांदावर आहे गे, पण धर अमुक तारीख.
ईद चांदावर, भरती चांदावर,
आणि याला चांद ठाऊक नाही.
तारीख घातली, सकाळी ८ लिहिलं,
आणि विसरायला मोकळी झाले.

आज गुडघाभर चिखलात उभी,
डाव्या हाताला कालवाची धार लागून रक्त,
कमरेला दुधाच्या पिशवीत बांधलेला फोन थरथरला.
पिशवीतूनच वाचलं.
तोंडावर माग. लाजू नको.
अक्षर माझंच,
पण हे बोलणारी बाई
मला एकदम कजाग वाटली.

तोंड तर दोन हातांवरच होतं.
कुणाचा गे? जुलेखानं विचारलं.
गॅसवाल्याचा.
ती म्हणाली, मरू दे त्याला, इकडे ये,
या कातळाखाली बघ कसली जाड लागलीत.
तिची पाटी अर्धीसुद्धा झाली नव्हती.
असला कातळ बाई सख्ख्या बहिणीला दाखवत नाही.
मी गेले. कोयती घातली.
दोघी वाकून ठोकत राहिलो,
मध्ये तिनं पदराची चिंधी फाडून
माझं बोट बांधलं, आणि बडबडली
कुवेतच्या उन्हाबद्दल,
पोराच्या मालकानं तीन महिने पगार अडकवलाय त्याबद्दल.
सातशेचा विषय तिनं काढला नाही.
मी काढला नाही.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा निघालो,
ती माझं कोपर धरून, मी तिचं.
कांदळाच्या मुळांवर टेकून
ओल्या बोटानं लिहिलं,
पुढच्या उधाणाला आठव.

माफ करा, वेळ समजली नाही.

मी त्याला अंगठा दाखवला
आणि पाटी उचलायला जुलेखाला हाक मारली.